दुधाची रेघ

सगळ्यात आधी बशीतला चहा सांडायला लागला. मी म्हणालो, बशी उथळ आहे. मग पासपोर्ट फोटो कापताना कात्री कडेवरून घसरायला लागली. मी म्हणालो, कात्रीची धार गेली. तिसऱ्या महिन्यात एका लग्नात नवरीला फोटोत दोन नाकं आली, तेव्हा मात्र बोल लावायला दुसरं काही उरलं नाही. डॉक्टरांनी हात पुढं करायला लावले, बोटांवर एक कागद ठेवला, आणि कागद फडफडायला लागला. ते म्हणाले, "होतं काहींना वयानं. गोळ्या घ्या. जिवाला काही धोका नाही." त्यांचं ते शेवटचं वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

मी फक्रुद्दीन अत्तार. कोल्हापुरात पिंजारी तिकटीच्या, म्हणजे तीन रस्ते मिळतात त्या नाक्याच्या, मागच्या गल्लीत बत्तीस वर्षं माझा स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, मंडळांच्या मिरवणुका, सगळं काढलं. पण पोटासाठी काढलेले फोटो वेगळे आणि जिवासाठी काढलेले वेगळे. संध्याकाळी स्टुडिओचं दार ओढून मी कॅमेरा घेऊन रस्त्यावर निघायचो ते स्वतःसाठी. कुणाला उभं करायचं नाही, कुणाला हस म्हणायचं नाही, जे घडतंय ते घडताना उचलायचं. हात बिघडल्यावर लग्नं सोडली, रस्ता सोडला नाही. आणि हाताचं घराबाहेर कुणाला सांगितलंही नाही. कुणी विचारलं, चाचा लग्नं का घेत नाही, तर मी म्हणायचो, कंटाळा आला तुमच्या लग्नांचा.

थरथरत्या हाताला फसवायचे मार्ग असतात. ते मी एकेक करून शोधले. कॅमेऱ्याचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागावर नेऊन ठेवला. एवढ्या वेळात हात थरथरून थरथरणार किती? लांबचं जवळ आणणारी भिंगं विकून टाकली, कारण ती माणसाबरोबर थरथरही जवळ आणतात. एकच रुंद भिंग ठेवलं आणि त्याचा फोकस आठ-दहा फुटांवर बांधून टाकला, म्हणजे ऐनवेळी बोटांनी काही फिरवायला नको. पट्टा मानेत अडकवून कॅमेरा पुढं ताणायचा. कोपरं बरगड्यांत दाबायची. श्वास सोडायचा, आणि पुढचा घ्यायच्या आधी बटन दाबायचं. ते दाबून धरायचं, म्हणजे एका दमात दहा-बारा फोटो पडतात आणि त्यातला एखादा तरी धड निघतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाठ टेकायची. खांब, झाड, भिंत, जे मिळेल त्याला. पाठ टेकली की निम्मी थरथर जाते. पुढंपुढं तर पाठीला काही लागलं की आपोआप श्वास सुटायचा आणि बोट बटनावर जायचं. शरीराला मी सवय लावली, आणि फार चांगली लावली.

टेकायची माझी ठरलेली जागा म्हणजे तिकटीवरची पिठाची गिरण. तिच्यासमोर, रस्त्यापलीकडं, संध्याकाळी दूध कट्टा भरायचा. आमच्याकडं ही जुनी चाल आहे. गवळी म्हैस घेऊन येतो, माणसं ग्लास पुढं करतात, तिथंच धार काढायची आणि तिथंच फेसासकट प्यायची. आमच्या तिकटीवर जोतीराम आणि त्याची बिजली. जोतीराम पन्नाशीचा, एके काळी तालमीत घुमलेला, मान आणि खांदे अजून तसेच. बिजली म्हणजे त्याची म्हैस. माझ्यापेक्षा तो तिचीच मर्जी जास्त सांभाळतो, असं त्याची बायको तानाबाई चारचौघांत सांगायची.

तिथं बंद पडलेल्या सरकीच्या गोडाऊनची काळ्या दगडाची लांब, दीड पुरुष उंचीची भिंत होती. तिच्या पायथ्याला गुडघाभर उंचीचा दगडी कट्टा. गिऱ्हाईकं त्या कट्ट्यावर बसायची आणि भिंतीतल्या लोखंडी कडीला बिजली बांधलेली असायची. गिरणीच्या कोपऱ्यातून मला ती भिंत लांबीत दिसायची. तिचं मोकळं टोक, जिथं पूर्वी फाटक होतं, माझ्या फोटोच्या डाव्या कडेला उभी रेघ काढायचं. गिरण चालू असली की तिची भिंत बारीक थरथरायची, ते माझ्या पाठीत जाणवायचं. मला उलट बरं वाटायचं. म्हटलं, तुझी थरथर आणि माझी थरथर, होऊ दे फिट्टंफाट.

जोतीरामनं मला कधी काही विचारलं नाही. एकदा नुसता म्हणाला, "चाचा, ह्ये घ्या," आणि दाव्यातली वावभर बारीक दोरी काढून दिली.

"कशाला रं?"

"क्यामेऱ्याच्या बुडाला बांधा. दुसरं टोक पायाखाली दाबा अन् वर वढून धरा. एवढी मोठी म्हस आवरती, क्यामेरा न्हाय व्हय आवरायचा?"

मी चिडलो. म्हणालो, माझ्या कॅमेऱ्याला काय झालंय आवरायला? घरी जाऊन गुपचूप बांधली, आणि ओढलेल्या दोरीवर कॅमेरा असा बसला की मला जोतीरामचा राग येईनासा झाला. आणखी एक गोष्ट तो करायचा. माझा ग्लास अर्धाच भरायचा आणि फेस बसेपर्यंत कट्ट्याच्या कडेला ठेवून द्यायचा. फोटो झाले की मी रस्ता ओलांडून जायचो आणि दोन्ही हातांनी तो उचलायचो. मला वाटायचं, माप मारतोय लेकाचा.

रोज घरी गेल्यावर फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे. माझी मुलगी तहरीम शाळेत शिकवते, तिनं मला सगळं दाखवून दिलं होतं. घरात आम्ही आपल्या बोलीत बोलतो, इथं मराठीत सांगतोय. कॉम्प्युटरवर फोटो सरळ करायची एक पट्टी असते. ती सरकवली की वाकडा फोटो हळूहळू ताठ होतो आणि किती अंश फिरवला ते खाली आकड्यात दिसतं. मी भिंतीच्या टोकाची उभी रेघ धरून फोटो सरळ करायचो. लोकांना वाकडा फोटो दिसला तर हात दिसेल, एवढीच मला भीती होती. दिवाळीच्या सुमारास पट्टी अर्ध्या अंशावर थांबायची. नाताळला एकावर. जानेवारी लागली तशी दीडवर, मग पावणेदोनवर.

मी घाबरलो. म्हटलं, रोग वाढतोय. डॉक्टरांकडं जाऊन गोळी वाढवून घेतली, तहरीमला सांगितलं नाही. गोळी लागू पडली. आठ दिवसांत घरी भरलेल्या कपातला चहा न सांडता पिऊ लागलो, सुईत दोरा ओवून दाखवला. तहरीम टाळ्या वाजवायला लागली. त्याच संध्याकाळी फोटो सरळ करायला बसलो, तर पट्टी सव्वादोनवर जाऊन थांबली.

हात सुधारला होता आणि फोटो आणखी वाकडा आला होता. मी मागचे सगळे फोटो उघडले. हात थरथरला तर तो दोन्हीकडं थरथरेल, आज डावीकडं कलेल, उद्या उजवीकडं. माझे तीन महिन्यांचे फोटो एकाच बाजूला कललेले होते. भिंत नेहमी रस्त्याकडं.

मग मला माझा ग्लास दिसला. प्रत्येक फोटोत तो होता, कट्ट्याच्या कडेला, अर्धा भरलेला, फेस बसलेला. काचेतून दुधाची रेघ स्पष्ट दिसत होती. दूध काही कुणाच्या हातावर अवलंबून नसतं. ग्लास कसाही ठेवा, ते आपलं आडवंच राहतं. मूळ फोटोत ती रेघ अगदी आडवी होती. म्हणजे कॅमेरा सरळ होता. मी भिंत ताठ केलेल्या फोटोत मात्र दूध एका बाजूला चढलं होतं. तीन महिने मी दूध वाकडं करून भिंत सरळ करत बसलो होतो.

तहरीम म्हणाली, "अब्बा, पाणी देऊ? तुमचा चेहरा कसा झालाय." मला पाणी नको होतं. मला त्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी बसणारी पंधरा-वीस माणसं दिसत होती, आणि त्यांच्यामध्ये, भिंतीला जवळजवळ डोकं लावून, म्हशीखाली बसलेला जोतीराम.

भिंतीमागं काय चाललंय हे अख्ख्या तिकटीला माहीत होतं. पावसाळा संपला तसं गोडाऊनच्या आत पोकलेन आलं होतं. जागा ऋतुराजनं घेतली होती. गल्लीतलाच मुलगा, त्याच्या मुंजीचे फोटो मीच काढलेले. तिथं सहा मजली इमारत आणि खाली गाड्या लावायला तळघर होणार होतं. त्यासाठी भिंतीच्या अगदी मुळापर्यंत खड्डा खणला होता. रस्त्यावरून काही दिसायचं नाही. दिसायची ती फक्त भिंत.

दुसऱ्या दिवशी मी ऋतुराजला कट्ट्यावरच गाठलं. तो बुलेटवरून दूध प्यायला आला होता. माणसं होती, जोतीराम धार काढत होता. मी म्हणालो, "ऋतुराज, ही भिंत बाहेर यायला लागलीया. खणायचं थांबीव."

तो हसला. "कोण म्हणतंय?"

"मी म्हणतोय. तीन महिन्यांचे फोटू हाईत माझ्याकडं. रोज हालायलीया ही."

"चाचा, राग मानू नका," तो म्हणाला, "जरा हात पुढं करा बघू."

मी हात पुढं केला. का केला कोण जाणे. मोठ्यानं बोलणाऱ्यासमोर माणूस करून बसतो. रागानं तो नेहमीपेक्षा जास्त थरथरत होता. सगळा कट्टा बघत होता.

"आता सांगा," ऋतुराज म्हणाला, "भिंत हालतीया का काय हालतंय?"

दोघं-तिघं हसले. मग त्यानं गाडीच्या पिशवीतून इमारतीचं रंगीत माहितीपत्रक काढलं. त्याच्या पहिल्या पानावर माझाच फोटो होता. दिवाळीत त्यानं हौसेनं मागितला होता आणि मी हौसेनं दिला होता: दूध कट्टा, बिजली, माणसं, आणि मागं काळी ताठ भिंत.

"ह्यो फोटू कुणाचा? तुमचाच न्हवं? खाली नाव हाय बघा. ओळंब्यात हाय की भिंत. आमच्या इंजिनियरलाबी मी ह्योच दाखवला. त्यो म्हणाला, काय प्रॉब्लेम न्हाय."

मला तिथं चार शब्द बोलायचे होते. फोटो मी सरळ केलाय, कारण माझा हात थरथरतो आणि तो तुम्हाला दिसू नये असं मला वाटत होतं. एवढंच. हात सगळ्यांनी बघून झाला होता, लपवायला काही उरलंही नव्हतं. तरी तोंड उघडलं नाही. मी ग्लास तसाच ठेवून घरी गेलो आणि दोन दिवस तिकटीवर फिरकलो नाही. त्या दोन दिवसांची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी, मी जोतीरामच्या गोठ्यावर गेलो. तो वैरण टाकत होता. मी दोन फोटो काढून नेले होते, एक मूळ आणि एक सरळ केलेला. त्याच्यापुढं धरले आणि सांगून टाकलं. म्हणालो, "जोतीराम, माझा हात थरथरतोय. तीन वर्षं झाली."

"ठावं हाय की," तो म्हणाला.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? ग्लास अर्धा कशापायी भरतोय मग? माप मारतोय म्हणून?"

 त्यानं फोटो घेतले. माणूस आयुष्यभर दूध बघत आलेला, त्याला समजवायला लागलं नाही. अंगठ्याचं नख त्यानं एका फोटोतल्या दुधाच्या रेघेवर धरलं, मग दुसऱ्या. दोनदा-तीनदा बघितलं. मग उठला, एक मुठीएवढा दगड उचलला आणि म्हणाला, "तुमची दोरी द्या."

तिकटीवर जाऊन तो कट्ट्यावर चढला, कट्ट्यावरून पाण्याच्या पिंपावर, आणि दोरीला दगड बांधून भिंतीच्या माथ्यावरून खाली सोडला. दगड झुलून थांबला. वर दोरी भिंतीला चिकटलेली, आणि खाली दगड आणि भिंत यांच्यामध्ये माझा पंजा आडवा गेला, शिवाय आणखी दोन बोटं जागा उरली. जोतीराम पिंपावरून उतरला. त्याचा चेहरा उतरला होता. "आयला," तो म्हणाला, "हिच्या बुडाला बसून मी रोज गाणी म्हणतोय."

ऋतुराजला पुन्हा बोलावलं. तो म्हणाला, जुनी भिंत आहे, जुन्या माणसासारखी जरा वाकणारच. तहरीमनं अर्ज टाइप करून दिला, मी महापालिकेत जाऊन देऊन आलो. सोमवारी माणूस येऊन बघेल, असं सांगितलं. जोतीराम सोमवारची वाट बघत बसला नाही. त्याच संध्याकाळी त्यानं बिजलीला रस्त्याच्या या बाजूला आणलं आणि गिरणीच्या भिंतीशी, माझ्या ठरलेल्या जागेवर, बांधलं. जुन्या कट्ट्यावर कुणी बसू नये म्हणून त्यावर शेणाचं पाणी ओतलं. एका गिऱ्हाइकानं कुरकुर केली तर त्याला म्हणाला, "पावणं, हितं दूध प्या न्हायतर तितं शेणात बसा."

पण बिजलीला हे कोण सांगणार? म्हैस जागेची असते. जिथं रोज धार काढायची तिथं ती पान्हा सोडते. जागा बदलली की दूध वर चढवून घेते आणि मग काही करा. बुधवारी तिनं थेंब दिला नाही. आंबोणाची पाटी पुढं ठेवली, मान खाजवली, तानाबाईनं येऊन ओव्या म्हटल्या. बिजली रस्त्यापलीकडच्या कडीकडं बघत उभी राहिली. गुरुवारी तेच. शुक्रवारी कास दगडासारखी झाली. जोतीरामचे डोळे लाल झाले होते. तो म्हणाला, "चाचा, उद्या एक दिवस बघतो. उद्याबी न्हाय सोडला तर मी हिला परत तितंच बांधणार. कास जाईल हिची."

"भिंत पडली म्हंजे?"

"रोज पडती व्हय?" तो ओरडला, आणि मग खालच्या आवाजात म्हणाला, "मलाबी भ्या वाटतंय ओ. पर हिला कसं सांगू?"

शनिवारी मी चारलाच जाऊन बसलो. पाचच्या सुमारास तो आला. बिजलीला बांधलं. गिरण चालू होती. जोतीराम तिच्या कुशीला डोकं लावून बसला आणि कासेला हात लावून तसाच राहिला, धार न ओढता, बराच वेळ. मी आयुष्यात कधी म्हशीसाठी दुआ मागितली नव्हती, त्या दिवशी मागितली. मग बादलीत पहिली धार वाजली. दुसरी. मग सलग आवाज सुरू झाला आणि बादलीच्या तोंडावर फेस चढायला लागला.

"आली! चाचा, सोडला पान्हा!" जोतीराम म्हशीखालून ओरडला. "काढा फोटू! नव्या जागंवरचा पयला!"

तानाबाई रडत हसत होती. मी कॅमेरा काढला, दोरी पायाखाली घेतली आणि अडलो. ज्या भिंतीला मी टेकायचो तिच्यापुढं म्हैस होती. इतक्या जवळून माझ्या रुंद भिंगातही सगळं मावेना: बिजली, जोतीराम, तानाबाई, गोळा झालेली माणसं. मी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि मागं सरलो. अजून थोडं. एक मोटारसायकलवाला ओरडला, "चाचा, बाजूला व्हा की!" मी आणखी मागं झालो. आता सगळं बरोबर बसलं होतं. टाचेला काहीतरी लागलं. एकेक पाय मागं घेत त्यावर चढलो. शेणाचा वास आला, पण तिथं शेणाचा वास रोजचाच. आणि पाठ टेकली.

पाठ टेकल्याबरोबर श्वास सुटला. पाठीत ती ओळखीची बारीक थरथर आली. समोर गिरण घरघरत होती, कानात तिचा आवाज, पाठीत तिची थरथर, तीन वर्षं हे असंच चालत आलं होतं. माझ्या पाठीला काही वेगळं वाटलं नाही. गिरण रस्त्यापलीकडं आहे आणि मी टेकलोय ती भिंत दुसरी आहे, हे पाठीला कळायला मी कधी शिकवलंच नव्हतं. मी दोरी ओढली. हात एवढा स्थिर होता की मला आनंद झाला.

जोतीराम बिजलीखालून उठला. त्यानं माझा ग्लास घेतला, अर्धा भरला आणि मला द्यायला वळला. मी नेहमीच्या जागी नव्हतो. त्यानं इकडं तिकडं बघितलं, मग रस्त्यापलीकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा बदलला. असा चेहरा मला तीन वर्षांत मिळाला नव्हता. मी बटन दाबलं आणि दाबून धरलं.

तो ओरडत होता ते गिरणीच्या आवाजात ऐकू आलं नाही. तो धावत माझ्याकडं येताना मी कॅमेऱ्यातून बघत होतो, आणि मला वाटत होतं, काय फोटो आहे, काय फोटो आहे. मग त्याचे दोन्ही हात माझ्या कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर पडले. तालमीतल्या माणसानं मला मानेपासून उचललं आणि रस्त्यावर फेकलं. मी पालथा पडलो. मागं दगड दगडावर घासल्याचा आवाज झाला, मग धूळ, आणि त्या धुळीत बिजली हंबरत होती. मी मागं वळून बघितलं तेव्हा भिंत नव्हती, जोतीरामही नव्हता. आकाश आणि ऋतुराजचा खड्डा तेवढा दिसत होता.

ऋतुराजवर केस झाली आहे. त्याचा वकील ते माहितीपत्रक घेऊन फिरतो. भिंत सरळ होती, असं एका जाणत्या फोटोग्राफरच्या फोटोत दिसतंय, असं त्याचं म्हणणं. पुढच्या तारखेला मी जाणार आहे, आणि सगळ्यांसमोर हात पुढं करून, तो फोटो मी कसा आणि कशासाठी सरळ केला ते सांगणार आहे. जे चार शब्द कट्ट्यावर जमले नाहीत ते तिथं बोलणार. आता त्यांचा जोतीरामला काही उपयोग नाही.

नवव्या दिवशी तानाबाई माझ्या घरी आली. बाराव्याला हार घालायला फोटो लागतो. तिच्याकडं आधार कार्डावरचा तेवढा होता. "तुमी एवढं काढलासा त्येचं," ती म्हणाली, "एक चांगला द्या." मी कॉम्प्युटर उघडला. तीन वर्षांचे हजारो फोटो, आणि सगळ्यांत जोतीरामचं डोकं बिजलीच्या कुशीत. पाठ, मान, कान. समोरून चेहरा एकाही फोटोत नव्हता. होता तो फक्त त्या शेवटच्या अकरांत.

ते मी तोवर तहरीमलाही दाखवले नव्हते. त्यातला पहिला मी छापून तानाबाईच्या हातात दिला. हातात अर्धा ग्लास, तोंड उघडं, डोळे सरळ माझ्यावर. मी आयुष्यात काढलेला सगळ्यात स्वच्छ फोटो तो.

तिनं बराच वेळ बघितला. "कुणावर वरडायलाय ह्यो?"

"माझ्यावर," मी म्हणालो. आणि सांगितलं. मी कुठं टेकलो होतो, तो कशासाठी आला, मी पळायचं सोडून काय करत होतो. काही गाळलं नाही.

"तुमीच सगळ्यास्नी सांगितलासा, भिंत पडणार म्हणून," ती म्हणाली. "अन् तुमीच टेकलासा?"

"व्हय. सवय."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती परत फोटोकडं बघायला लागली. मग म्हणाली, "वाकडा हाय की ओ फोटू. सरळ करून द्या. भिताडावर वाकडा बरा दिसायचा न्हाय."

फोटो वाकडा नव्हता. जोतीराम धावायला निघाला होता, म्हणून एका अंगाला कलला होता. हे मी सांगणार तेवढ्यात तिनंच फोटो हातात फिरवला, जोतीराम ताठ उभा राहीपर्यंत. तशीच धरून राहिली. मग तिची नजर ग्लासावर गेली. ताठ जोतीरामच्या हातात दूध एका बाजूला चढलं होतं.

तिनं फोटो होता तसा परत फिरवला. "नगं," ती म्हणाली. "दूध सांडतंय. असाच ऱ्हाऊ द्या."

बाराव्याला मी फ्रेम करून घेऊन गेलो. खिळा ठोकायला हातोडी उचलली, तर तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच ठोकला.